सासूबाईंच्या नावाचं रक्त

गरोदरपणात बायकांना काय काय होत नाही. पाय सुजतात, कंबर धरते, जिना चढताना नाकी नऊ येतात. प्रणिताचं सगळंच उलटं. तिला दोन वर्षांपासून संधिवात, तोही म्हातारपणी गुडघ्यात बसणारा नव्हे, तर ऐन तिशीत बोटाबोटांत शिरणारा, रूमेटॉइड म्हणतात तो. पोटात बबलू राहिला आणि हा वात जो पळाला तो बाळंतपणापर्यंत फिरकलाच नाही. हैदराबादेत कोठी भागातल्या सांध्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की पुष्कळ बायकांना असा आराम पडतो, आणि बाळंतपणानंतर दुखणं व्याजासकट परत येतं. पण सुखात असलेल्या माणसाला असलं ऐकू येत नाही. प्रणिताने मान डोलावली आणि बाहेर येऊन मिर्ची बज्जी खाल्ली.

बबलू दोन महिन्यांचा झाला आणि दुखणं खरंच परत आलं. सकाळी उठावं तर बोटं सुजून कडक झालेली असायची. डबा उघडेना, पिन लागेना, अंगठा कुणा दुसऱ्याचा असावा तसा वागे. दहा-अकरा वाजले की हळूहळू हात मोकळे होत आणि बाई माणसांत येई. अंगावर पाजत होती तोवर डॉक्टरांच्याही गोळ्या बेताच्याच होत्या.

आता असं काही झालं तर माणसाने घरात सांगावं की नाही? पण नाही. नवरा, संदेश, तेवढा एक जाणून होता. त्याच्या आईला, पद्मावतीबाईंना, काही कळू द्यायचं नाही असा दोघांचा ठराव होता. पद्मावतीबाई मूळच्या बीदरकडच्या शेतकरी घरातल्या, बरकतपुऱ्यात येऊन जन्म गेला तरी जिभेवर अजून तिकडचं तिखट. कुणा नातेवाइकाच्या मुलीचं स्थळ मोडलं तेव्हा त्या भर पंगतीत म्हणाल्या होत्या, “दुखणं बघून कुणी सून करत नसतंय.” प्रणिता तेव्हा नवी नवरी होती. तिचं दुखणं तर लग्नानंतर वर्षाने सुरू झालं, म्हणजे फसवाफसवीचा प्रश्नच नव्हता. तरी ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. आणि संदेश म्हणजे वाद नको म्हणून बिनमिठाची भाजीही मुकाट खाणारा माणूस. तो कशाला बोलतोय.

दुसरं लपवायचं ठिकाण म्हणजे तिची नोकरी. नारायणगुड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त काढायच्या कामाला होती. नोकरीला लागली तेव्हा दुखणं गोळ्यांनी दबलेलं होतं, पुढे थोड्याच महिन्यांत दिवस राहिले आणि ते गायबच झालं. त्यामुळे लॅबला माहीत होती ती धडधाकट प्रणिता, जिच्या हाताची सुई कळत नाही म्हणून माणसं रांगेत मागे थांबत ती. सहा महिन्यांची रजा संपली आणि कामावर परत जायची वेळ आली, तेव्हा घरातून निघाली ती प्रणिता मात्र दुसरीच होती. ज्या बाईची बोटं चालत नाहीत तिला रक्त काढायला कोण ठेवील? नोकरी जाणार, ही एकच भीती घेऊन ती लॅबचा जिना चढली.

त्यात लॅबचं काम असं, की खरी गर्दी सकाळचीच. उपाशीपोटी रक्त द्यायला शुगरवाले सगळे उजाडताच हजर. म्हणजे प्रणिताची बोटं जेव्हा सगळ्यांत आडमुठी असत, नेमकं तेव्हाच समोर लोक बाह्या वर करून बसलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिची मूठ सकाळी झाकलीच जात नव्हती. घरून निघण्याआधी ती न्हाणीघरात गरम पाण्यात हात बुडवून बसे, रिक्षात पदराखाली हात चोळी, आणि दिवस ढकली.

पहिल्याच आठवड्यात अप्पाराव आले. म्हातारा शुगरचा जुना रोगी, प्रणिता परतली असं कळून मुद्दाम तिच्यासाठी थांबलेला. “आ गए बेटा? अब हमको फिकर नहीं,” म्हणाला आणि हात पुढे केला. प्रणिताचा अंगठा ऐन वेळी घसरला. एकदा टोचलं, शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचलं. अप्पाराव उलट हसले, पण दोन दिवसांनी रिपोर्ट न्यायला आले तेव्हा त्यांच्या हातावर हा एवढा निळा डाग होता. प्रणिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखणं तिचं आणि डाग त्या बिचाऱ्याला.

कोठीच्या डॉक्टरांनी औषध बदलायचं म्हणून नव्या तपासण्या सांगितल्या होत्या. हैदराबादेत लॅबांचा काय दुष्काळ आहे? कुठेही जाऊन रक्त देता आलं असतं. पण प्रणिताच्या लॅबमध्ये घरच्या माणसांच्या तपासण्या मोफत होत, आणि फुकट ते पौष्टिक. शिवाय दुसरीकडे जायचं तर सुट्टी मागायला हवी. मग तिने एक अक्कल चालवली. एका दुपारी हात मोकळे असताना, घरी खोलीचं दार लावून, तिने स्वतःचंच रक्त स्वतः काढलं. दंडावरचा पट्टा ओढून धरायचं काम संदेशकडे होतं. रक्त पाहिलं की त्याला भोवळ येते, म्हणून त्याने ते डोळे मिटून केलं आणि नंतर पलंगावर आडवा झाला. नळीवर तिने नाव लिहिलं पद्मावती, वय एकसष्ट. लॅबमध्ये मशीनवर बसणाऱ्या हेमंतला म्हणाली, “सासूबाईंचं घरूनच काढून आणलंय.” हेमंतने मान हलवली आणि नळी ठेवून घेतली.

लॅब चालवत होत्या डॉक्टर पल्लवी. माहेर पुण्याचं, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेल्या, बोलणं सरळ आणि वेळेला पक्क्या. प्रत्येक रिपोर्ट त्या स्वतः पाहून सही करत. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रणिताला आत बोलावलं आणि बसही म्हटलं नाही.

“तुझ्या सासूबाईंचं रक्त पाहिलं मी,” त्या म्हणाल्या. “अंगात केवढी सूज आहे त्यांच्या, कल्पना आहे तुला? सकाळी त्यांना स्वतःचे केस विंचरता येत नसतील. आणि तू त्यांच्या गळ्यात तान्हं पोर बांधून कामाला येतेस?”

प्रणिताला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. रोग लपवायला गेली आणि सासूला छळणारी सून ठरली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

“त्या… त्या तशा हिंडत्या-फिरत्या आहेत, मॅडम,” ती कसंबसं म्हणाली.

“सुनेसमोर हिंडणारच. मी आत्ताच त्यांना फोन केला. उद्या सकाळी येतायत.”

त्या दिवशी प्रणिता घरी कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक. पद्मावतीबाई ओट्याशी उभ्या राहून ज्वारीच्या भाकरी थापत होत्या, दणादण, खाली अंथरुणावर बबलू पाय उडवत पडलेला. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या सांध्यांना कुरकुर म्हणून माहीत नव्हती. मागे वळूनही न पाहता त्या म्हणाल्या, “तुझ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय मला. म्हणल्या, तुमच्या रक्तात सूज हाय, सांधे दाखवा. उद्या येते तुझ्यासंगं.”

“आई, ते काहीतरी चुकून झालंय. तुम्ही नका येऊ. मी सांगते त्यांना.”

“येते म्हणले ना मी. भाकर खा.”

बास, एवढंच. राग नाही, प्रश्न नाही. पद्मावतीबाई गप्प राहिल्या की घरात सगळ्यांना धास्ती वाटे, आणि त्या रात्रभर गप्प होत्या. प्रणिताने मनातल्या मनात हिशेब केला: उद्या नोकरीही जाणार आणि घरातली पतही. संदेश म्हणाला, सगळं ठीक होईल. तो नेहमीच असं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी लॅबचा जिना पद्मावतीबाई बबलूला कडेवर घेऊन चढल्या. दुसऱ्या खांद्याला त्याच्या लंगोटांची पिशवी. प्रणिता मागून कठड्याला धरून. दोन जिने चढून वर आल्या तरी बाईंना साधी धाप नाही. डॉक्टर पल्लवी दारातच उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि तिघांना आत नेलं.

“बोला काकू,” त्या म्हणाल्या. “काय काय होतं तुम्हाला?”

प्रणिताने तोंड उघडलं, पण त्याआधी पद्मावतीबाई बोलायला लागल्या होत्या.

“सकाळी उठले की मूठ वळत नाही, बाई. दुधाची पिशवी दातानं फोडते, कुणी बघत नाही असं बघून. पोराला पंजानं उचलता येत नाही. मग असे कोपरापातूर हात खाली घालते, सुपात धान्य घ्यावं तसं. झबल्याचे बंद बांधता येत नाहीत. मग त्याला तसंच दुपट्यात गुंडाळते आणि म्हणते, उकडायलंय लेकराला. थंडीत पण उकडायलंय म्हणते.” बाई जरा थांबल्या. बबलूने त्यांच्या मंगळसूत्राला हात घातला होता, तो त्यांनी सोडवला. “आणि न्हाणीघरात गरम पाण्यात हात घालून बसते. बसताना नळ सोडून ठेवते. रडलेलं भायेर ऐकू जाऊ नये म्हणून.”

प्रणिता जमिनीकडे पाहत होती आणि तिला जमीन दिसत नव्हती. एकेक गोष्ट खरी होती. एकेक गोष्ट तिची होती. म्हणजे इतके महिने ती स्वयंपाकघराकडे पाठ करून, दार लोटून, नळ सोडून जे जे झाकत होती, ते ते या बाईने पाहून ठेवलं होतं.

डॉक्टर पल्लवींनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे. “काकू, आत्ता तुम्ही बाळ कडेवर घेऊन दोन जिने चढलात.”

“हौ.”

“मग हे सगळं नक्की कुणाला होतं?”

“कागदावर नाव माझं हाय ना?” पद्मावतीबाई शांतपणे म्हणाल्या. “मग मलाच होतंय.”

आता मात्र प्रणिताला राहवलं नाही. “मॅडम, रक्त माझं आहे,” ती म्हणाली. “दुखणंही माझंच. आईंना काही झालेलं नाही. मी खोटं नाव घातलं.”

डॉक्टर पल्लवी रागावल्या, आणि चांगल्या रागावल्या. चुकीच्या नावाचं रक्त म्हणजे काय हे लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला मी शिकवायचं का, म्हणाल्या. उद्या कुणी या बाईंना तुझ्या गोळ्या चालू केल्या असत्या तर? पुन्हा असं केलंस तर मी स्वतः तुला दाराबाहेर काढीन. प्रणिता सगळं ऐकत होती. पण ‘पुन्हा’ हा शब्द तिच्या कानात अडकला. पुन्हा म्हणजे या वेळी नाही.

“मला वाटलं कळल्यावर तुम्ही ठेवणार नाही,” ती म्हणाली. “असे हात घेऊन…”

“सकाळी सातला नाहीच ठेवणार. अप्पारावांचा हात पाहिला मी. त्या वेळी तू सुई धरायची नाहीस, हे आजपासून पक्कं. अकरा वाजता कशी असतात बोटं?”

“अकराला मोकळी असतात.”

“मग अकराला ये. जेवणानंतरची रक्तं दुपारी काढायला माझ्याकडे माणूस टिकत नाही, सगळ्यांना सकाळी उरकून घरी पळायचं असतं. आधी मी आणि हेमंत रोज थोडे दिवस तुझा हात बघू. जड वाटला तर नोंदणीच्या टेबलावर बसशील, पण राहशील. हे रजेवरून परतलीस त्या दिवशी सांगितलं असतंस तर तो म्हातारा दोनदा टोचला गेला नसता. आज घरी जा. उद्या अकराला.”

खाली रिक्षात बसल्यावर प्रणिताच्या लक्षात आलं, की छातीवरचं ओझं उतरलंय आणि त्याची तिला सवयच नाही. इतकं हलकं वाटत होतं की भीती वाटावी. नोकरी होती. घर होतं. लपवायला काही शिल्लक नव्हतं. शेजारी पद्मावतीबाई बबलूला मांडीवर नाचवत रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होत्या, “आस्ते चलो बावा, बच्चा है.”

“आई,” प्रणिता म्हणाली, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्यापासून. एका घरात राहायलोत आपण.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून वाट बघत होते. तू सांगायलीस कुठं? काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला तवा म्हणलं, आता हिनं माझं नाव घेतलंच हाय, तर मीच सांगते.”

मग इतकी वर्षं मनात रुतलेलं ते एकदाचं प्रणिताच्या ओठांवर आलं. “तुम्हीच म्हणाला होतात, दुखणं बघून कुणी सून करत नाही.”

पद्मावतीबाईंना आठवेना. कुठे, कधी, कुणाच्या पंगतीत, त्यांना काहीच आठवेना. बोलणारा बोलून जातो आणि ऐकणारा वर्षानुवर्षं जपून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणले असीन. सून करायच्या आधी बघतात ते. केल्यावर मग तिचं दुखणं घरचंच की. त्यात काय बघायचंय?”

रिक्षा बरकतपुऱ्याकडे वळली. प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि पुसायला हात वर करायचा तर हात अजून कडकच होते. तिने सवयीने तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं.

“इकडं बघून रड,” पद्मावतीबाई म्हणाल्या आणि आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं. “पोराला धरलंय मी.”