बाजांची शर्यत

मालेगावात नीलमचा फोटो स्टुडिओ होता. जवळच्या किन्हीराजा गावातल्या बचत गटाने तिला एक काम दिलं. ओल्या कुरडया सकाळपासून संध्याकाळपर्यंत कशा वाळतात, ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत दाखवायचं. गटाच्या दोघी मुख्य बायका म्हणजे मनकर्णाबाई आणि तिची धाकटी जाऊ रत्नमाला. अंगण एकच, त्यात दोघींच्या दोन बाजा, बाजांवर प्लास्टिक आणि त्यावर कुरडया.

पहिल्या दिवशी नीलमने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, दर दहा सेकंदाला एक फोटो ठरवला. पण पुढच्या बाजूला वळवलेला स्क्रीन तसाच चालू राहिला. तो बघायला आळीतल्या बाया जमल्या. आरशात बघावं तसे दोघी जावांनी त्यात केस नीट केले. अकरा वाजता बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी तिने स्क्रीन बंद केला, तर एका मिनिटात कॅमेराच झोपला. आपोआप बंद होण्याची सेटिंग तशीच राहिली होती. दिवसभरात फोटो सहा.

तिसऱ्या दिवशी नीलमने दात-ओठ खाऊन दोन्ही सेटिंग बंद केल्या. खाली पॉवर बँक जोडली, शटरचा आवाजही बंद केला.

"का वो पोरी, आजबी झोपला वाटते हा?" काळा स्क्रीन पाहून रत्नमालाने विचारलं.

"स्क्रीन बंद हाय, काकू," नीलम म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं तिने सांगितलं नाही, कारण गेल्या दोन दिवसांत कॅमेऱ्यापुढे दोघी लग्नातल्या फोटोसारख्या ताठ बसल्या होत्या. ती गावातल्या मैत्रिणीकडे जेवायला निघून गेली.

संध्याकाळी नीलमने ओसरीवर दोघींपुढे लॅपटॉप उघडला. कुरडया वाळत होत्याच. पण निंबाची सावली जशी सरकली, तशी मनकर्णाबाईची बाज वीतभर उन्हात सरकली. मग पदराचं एक टोक दिसलं आणि रत्नमालाची बाज हातभर पुढे आली. नंतर तर मनकर्णाबाईची बाज आपसूक मागे, सावलीत गेली आणि पाठोपाठ रत्नमालाचीही! दुपारपर्यंत दोन्ही बाजा अंगणात एकमेकींभोवती फुगडी खेळत होत्या.

"अवं बाई," रत्नमाला हळूच म्हणाली, "माही बाज मागं कोनं ढकलली?"

"अन् माही?" मनकर्णाबाईने डोळे वटारले.

नीलमने तोंडात ओढणी कोंबली. मग मनकर्णाबाईच आधी खदखदून हसली, इतकी की तिला ठसका लागला.

"हे काई टाकू नोको," दोघींनी बजावलं. "उद्या नीट काढ."

चौथ्या दिवशी दोघी नव्या लुगड्यांत मांडी घालून बसल्या. बाजा जागच्या हलल्या नाहीत. रात्री तो व्हिडिओ गटापुढे लागला आणि अर्ध्यातच बायांना जांभया आल्या.

"कालचाच टाक वो," शेवटी मनकर्णाबाई म्हणाली.

"टाक," रत्नमालाने मान डोलावली. "पन माही बाज जास्त जोरात पळून राह्यली, हे लिहिजो खाली."

"कायले लिहील थे? माहीच जोरात होती!"

नीलमने कालचा व्हिडिओ गटाच्या फोनवर पाठवून दिला. खाली काय लिहावं, यावर दोघींचं अजून भांडण चालू होतं.