डावा शुक्राचा, उजवा तुषारचा

मसोलीला नविन मिस्त्रीच्या गॅरेजसमोर बायजी चिकूच्या उलट्या क्रेटवर बसली होती आणि तिचे दोन मुलगे दोन बाजूंना उभे होते. आठ महिने झाले, ते एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडाकडे बघून.

"मिस्त्री, त्याला सांगा, डावी बाजू माझी," थोरला शुक्रा म्हणाला.

"मिस्त्री, त्याला सांगा, उजवीला हात लावायचा नाही," धाकटा तुषार म्हणाला.

दोघांच्या हातात मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा एकेक नवा शॉकअप होता. शुक्राचा काळा, अंगठ्याएवढ्या जाड तारेच्या स्प्रिंगचा, टेम्पोखाली शोभेल असा. तुषारचा केशरी, गॅसची डबी लावलेला, मोबाइलवरून मागवलेला.

नविनने पाना खाली ठेवला. "हा काय घराचा कूड आहे, अर्धा तू सारव, अर्धा मी सारवतो? शॉकअप जोडीनं लावतात."

"वाटणी झालीय आमची," शुक्रा म्हणाला.

वाटणी तशीच झाली होती. बायजीचा नवरा रघ्या गेला आणि वर्ष सरायच्या आत पोरांनी घर वाटलं, शेत वाटलं. ताडाचं झाड चिरता येईना, म्हणून सकाळची ताडी शुक्राची आणि संध्याकाळची तुषारची ठरली. राहिली ती मोटरसायकल. रघ्या एका इराणी शेठच्या चिकूवाडीत राखणदार होता. तो शेठ या रुंद सीटच्या गाडीवर बसून पार गोव्यापर्यंत फिरून यायचा. गुडघे गेले तेव्हा त्याने ती रघ्याला देऊन टाकली. आता तीन दिवस शुक्रा तिच्यावर चिकूचे क्रेट वाहायचा, तीन दिवस तुषार कंपनीत जायचा नाहीतर मित्रांबरोबर सापुताऱ्याला पळवायचा. सातवा दिवस आईचा.

आईला गाडी लागायची ती लग्नांसाठी. बायजी धवलेरी होती. धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय त्यांच्याकडे लग्न लागत नाही. चाळीस वर्षं तिने डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नं लावली. पण मागचे जुने शॉकअप तेल ओकून मेले, प्रत्येक खड्डा तिच्या कण्यात शिरला आणि गेल्या महिन्यात एका मांडवात तिला भिंतीला टेकून, डोळे मिटून गावं लागलं. लोकांनी ते पाहिलं. आज तलासरीपलीकडच्या पाड्यावर लग्न होतं. निरोप आला होता, दिवस मावळायच्या आत पोचलीस तर तू, नाहीतर पुतळीला सांगून ठेवलंय.

पुतळी. निम्मी गाणी विसरते आणि उरलेली नाकातून म्हणते. एकदा ती त्या मांडवात बसली की पुढच्या सगळ्या मांडवांत तीच बसणार, हे बायजीला ठाऊक होतं. जीपमध्ये कोंबून घेतलं तर पाठ जाते आणि त्या पाड्यापर्यंत जीप जातही नाही.

"गाडीवर किती जण बसणार?" नविनने विचारलं.

"दोन. मी आणि आई," शुक्रा म्हणाला.

"दोन," तुषार म्हणाला. "मी आणि आई."

धवलेरीला जो घेऊन येतो त्याला मांडवात पुढे बसवतात, पहिला पेला त्याच्या हातात देतात. तो मान दोघांनाही हवा होता. आईच्या पाठीचं कोणी काही बोललं नाही.

"लाव रे मिस्त्री," बायजी म्हणाली. "डावा याचा, उजवा त्याचा. लाव आणि फिरवू दे त्यांना."

"मावशी, मागचं चाक पिळवटेल."

"माहीत आहे. लाव."

नविनने कपाळाला आठ्या घालून लावले. तुषार ऐटीत बसला आणि आशागडच्या दिशेने गेला. थोड्या वेळाने तो गाडी ढकलत परत आला. कोपर सोललेलं, आरसा लोंबत होता. वळणावर गाडी एका बाजूने बसली आणि दुसऱ्या बाजूने उडाली.

"मिस्त्री, त्याला विचारा, माझ्या बाजूला लागलं तर नाही ना?" शुक्रा म्हणाला.

"मिस्त्री, त्याला सांगा, त्याच्या त्या लाकडामुळे झालंय हे. बैलगाडीला लाव म्हणावं."

"आणि तुझा तो रबराचा फुगा?" हे शुक्रा थेट बोलून गेला. लक्षात आलं तसा तोंड फिरवून थुंकला.

नविन दोघांच्या मधे आला. "गप्प बसा. स्प्रिंग माणसाच्या वजनावर बघतात. आईचं वजन किती?"

"साठ असेल," शुक्रा म्हणाला.

"पन्नास," तुषार म्हणाला.

नविनने बायजीला हाताला धरून शेजारच्या चिकूच्या वखारीत नेलं आणि काट्यावर उभं केलं. काटा एक्केचाळीसवर थांबला.

"दोन क्रेट," नविन शुक्राकडे बघून म्हणाला. "हातानं उचलून क्रेटचं वजन सांगतोस ना तू? अर्धा किलो चुकत नाहीस म्हणे."

शुक्रा काट्याकडे बघत राहिला. तुषार सोललेलं कोपर पुसत राहिला.

"याची स्प्रिंग पाच क्रेटची. एवढ्याशा वजनाला ती दबायचीच नाही, सगळा दणका मावशीच्या पाठीत. त्याची एवढी मऊ की मोठ्या खड्ड्यात तळाला आपटणार. दोन्ही माझ्याकडे ठेवा, मी एक साधी जोडी देतो. मधली स्प्रिंग, खाली खाचा आहेत, लागेल तशी कडक करायची."

बायजी म्हणाली, "लाव," आणि त्याने लावली.

तोवर ऊन कलंडलं होतं. नविनने किल्ली पुढे केली तसे दोन हात आले. किल्ली बायजीने घेतली. तुषारने हँडल पकडलं, शुक्राने मागचा कॅरियर. एक गाडी पुढे ओढत होता, दुसरा मागे. गाडी जागची हलेना.

"पुतळी आता चालत निघाली तरी माझ्या आधी पोचेल," बायजी म्हणाली. "लहानपणी एका ताटात जेवत होतात तेव्हाही असेच हात मारायचात. ज्याचा हात हँडलवर आहे त्यानं चालवायची. ज्याचा मागे आहे त्यानं मागे बसून माझी पाठ धरायची. मान दोघं मिळून घ्या, नाहीतर तिथं जाऊन कापा आणि वाटून घ्या."

"मी त्याच्या मागे बसणार नाही," शुक्रा म्हणाला.

"तू माझ्या मागे बसतोयस," बायजी म्हणाली.

ती मधे बसली. शुक्रा कॅरियरला टेकून तिच्यामागे बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघे भाऊ एका सीटवर आले होते आणि मधे एक्केचाळीस किलोची आई होती. नविन चाकापाशी उकिडवा बसला.

"दोन म्हणाला होतात," तो म्हणाला. त्याने डावीकडची खाच शेवटपर्यंत फिरवली. मग उठून पलीकडे गेला आणि उजवीकडचीही तेवढीच फिरवली. "जरा कडक लागेल, मावशी."

"लागू दे."

आशागड मागे पडलं. गाडी टणक होती, पण सरळ जात होती. शुक्राचा पंजा तिच्या पाठीवर होता, क्रेट धरावा तसा. चारोटीच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता.

"डावीकडे खड्डा," शुक्रा म्हणाला. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही.

गाडी उजवीकडून गेली.

सूर्य अजून ताडांच्या वर होता. बायजीने पुतळीला मनातल्या मनात एक शिवी घातली आणि गळा साफ केला.