पेटी धरून ठेवणारी ओळ

बुढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात वर ऋता भाड्याने राहायची, खाली घरमालकीण शारदाकाकू. रोज बाराला काकू जिन्याखालून हाक मारायच्या, "पोट्टी, हायेस का वं?" ऋता वरून "हव" म्हणायची. दिवसभरातलं तिचं बोलणं बहुधा एवढंच.

ती एका प्रोग्रामिंग भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर, काम करायची. मेमरीतल्या कुणालाच नको असलेल्या वस्तू शोधून टाकून देणारा सफाईचा भाग तिने दोन वर्षं खपून लिहिला होता. पण हजारात एखाद्या वेळी तो वापरातलीच वस्तू टाकून द्यायचा आणि सगळं कोसळायचं. पुण्याहून तिच्या टीमच्या प्रमुखाने, दिवाकरने, कळवलं होतं: आज पाचपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर नव्या आवृत्तीत तिच्या भागाऐवजी सफाईचा जुनाच भाग घालू.

वस्तू कुठे हरवते ते बघायला ऋताने प्रोग्राममध्ये त्या वस्तूचं नाव छापणारी ओळ घातली, की चूक गायब. ओळ काढली, की पुन्हा हजर. एकोणीस दिवस हेच.

आज तिला हाक ऐकूच आली नाही. काकू दुखऱ्या गुडघ्यांनी वर आल्या.

"आवाज काहून देत नाही? मले वाटलं, गेली का काय पोट्टी!"

"काकू, कामाची वस्तू फेकली जातेय."

"मंग गोल बाजारातून नवी आण ना! मी चारच्या गाडीनं दुर्गला चालली, लेकीकडे, क्षमाकडे. पंधरा दिवस. पाण्याच्या मोटरकडे पाहजो."

कठड्याला धरून काकू उतरल्या. ऋता परत त्या ओळीकडे वळली. छापलेलं नाव तिने शंभरदा वाचलं होतं; ओळ स्वतः काय करते ते पाहिलं नव्हतं. नाव विचारायचं तर वस्तू तोवर हाताशी ठेवावी लागते. वस्तू म्हणजे जणू पेटी, आतली माहिती म्हणजे माल. ओळ नसली की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा भाग, पेटीतल्या मालाचा पत्ता तेवढा घ्यायचा आणि पेटी सोडून द्यायचा. सफाईला ती बेवारस दिसायची, मालासकट जायची.

काम संपेपर्यंत पेटी धरून ठेवेल अशी एकच ओळ तिने लिहिली. दहा हजार वेळा चालवून पाहिलं. एकदाही कोसळलं नाही. पावणेपाचला पाठवलं. दिवाकरचं उत्तर आलं, "घेतलं."

ती धावतच जिना उतरली. "काकू, सापडलं!"

दाराला कुलूप होतं. पायरीवर मोटरची किल्ली ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. ऋताने कीबोर्डवरचे हात थांबवले, जरा वेळ जिन्याकडे कान देऊन बसली, आणि मग हळूच म्हणाली, "हव."