रिंगखालचा माणूस

सात फुटी सेंटर खेळाडूच्या बदल्यात संघाने भास्कर मेश्राम अकोल्याला देऊन टाकला. बातमी सकाळच्या पेपरात खेळाच्या पानावर आली, खालच्या कोपऱ्यात, फोटोशिवाय. भास्कर खेळाडू नव्हता. आयुष्यात त्याने एकदाच बास्केटबॉल हातात धरला होता, तोही उडून स्टँडमध्ये आला म्हणून. तो प्रेक्षक होता. नागपूरच्या स्टेडियममध्ये पूर्वेकडच्या पायऱ्यांवर तो विलास उमाठेच्या उजव्या हाताला बसायचा, दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून.

विलासने बातमी दोनदा वाचली. सौदा आपल्या फायद्याचा झाला, हे त्याच्या मनात पहिलं आलं. मग त्याने पेपर घडी करून उशीखाली ठेवला.

त्या उन्हाळ्यात दुसरा विषयच नव्हता. करार संपून मोकळे झालेले खेळाडू कोण, त्यातला कोण आपल्याला परवडेल, आपल्यातल्या कोणाला जाऊ द्यायचं, यावर स्टेडियमच्या फाटकाशी नत्थूच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी वाद चालायचा. विलासचं सीताबर्डीत पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. ते नोकरांवर टाकून तो यायचा. आपल्याला रिंगखाली माणूस पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बाकी सगळं आहे, उंची नाही, म्हणून दर वर्षी उपांत्य फेरीत मार खातो. भास्करला ते पटत नसे. अकोल्याचा तो गुरनाम उंच आहे हे खरं, पण त्याचे गुडघे गेलेले, फ्री थ्रो निम्मे बाहेर, आणि वर चार वर्षांचा करार मागतोय. चौथ्या वर्षी त्याला खुर्चीत बसवून कोर्टवर न्यावं लागेल, असं तो सांगायचा. लोक हसायचे. भास्कर बोलला की लोक हसतात आणि आपण बोललो की नुसतं ऐकतात, हे विलासला खुपायचं. एका संध्याकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अकोलावाले जे मागतील ते द्या. पण तो माणूस आणा."

क्लबचे सचिव इंगोले तिथंच बाकावर बशीतून चहा पीत होते. त्यांनी मान हलवली, बशी ठेवली आणि निघून गेले.

बातमी वाचून विलास भास्करच्या घरी पोचला तेव्हा भास्कर बॅग भरत होता आणि त्याची बायको सुमन एकेक शर्ट त्याच्या हातात देत होती. आतल्या खोलीत मुलं अभ्यासाला बसली होती. घर इथंच राहणार होतं, सुमन आणि मुलंही. सौद्यात एकटा भास्कर होता.

"नाही म्हणून सांग," विलास म्हणाला.

"करार आहे नं. चार वर्षांचा."

"पण तू सही कुठं केली?"

"सही तुम्हा सगळ्यांची आहे. टपरीवर झाली."

तो रागावलेला नव्हता. बॅगेची चेन अडकली होती, ती सोडवता सोडवता त्याने विचारलं की तुमच्या संघाचं गार्डचं काही जमलं का. 'तुमच्या' हा शब्द विलासने ऐकला. सुमननेही ऐकला. हातातला शर्ट तिने बॅगेत न ठेवता परत कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुरनाम आला आणि भास्करच्या घरी राहू लागला, कारण रिकामी झालेली जागा तीच होती. सुताराने घरातल्या सगळ्या चौकटी वर वाढवून दिल्या. काही आठवड्यांनी विलास तिकडे गेला, तेव्हा भास्करची धाकटी मुलगी गुरनामच्या मांडीशी टेकून गणितं सोडवत होती आणि त्याला बाबा म्हणत होती. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत पांढऱ्या साडीतल्या सुमनच्या शेजारी गळ्यात हार घातलेला गुरनाम उभा होता. फोटोत तो हनुवटीपर्यंतच मावला होता.

गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या गुरनामने वर पाहिलं. "बस नं, विल्या," तो म्हणाला. "काहून उभा आहेस?"

विलासला विल्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

चहा घेऊन आलेल्या सुमनला त्याने हळूच विचारलं की हे कसं चाललंय. मुलांना सवय झाली, ती म्हणाली. आणि तुम्हाला, असं त्याने विचारल्यावर तिने आत एकदा वळून पाहिलं.

"ते जेवतात फार, भाऊजी," ती म्हणाली.

संघ जिंकू लागला. रिंगखाली गुरनाम नुसता हात वर करून उभा राहायचा आणि समोरच्यांचे चेंडू त्याच्या पंजात येऊन थांबायचे. विलास ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा आणि काही बोलायला उजवीकडे वळायचा. तिथं आता भिंत होती. पायरी त्याच्यापाशीच संपत होती आणि भिंतीचा चुना इतका जुना होता की ती कायमची तिथंच असावी.

टपरीवर वाद पुन्हा सुरू झाले. चंद्रपूरचा एक गार्ड मोकळा झाला होता. तो आला आणि टपरीवरचे डोंगरे मास्तर गेले. लांबून नेम धरणारा एक पोरगा आला, त्याच्यासाठी पेठेतले दोघे भाऊ द्यावे लागले. विलास गप्प बसू लागला. गप्प बसणं होकारात धरलं जातं हे कळल्यावर तो प्रत्येक खेळाडूत खोट काढू लागला, कोणाचा खांदा, कोणाचं वय, कोणाच्या कराराची मुदत. आपण भास्करची वाक्यं बोलतोय हे त्याला जाणवायचं. फक्त त्यावर कोणी हसत नसे. जिंकत असताना कोण ऐकणार? माणसं कमी होत होती, तसे उरलेले बाकावर जास्त जवळ सरकून बसायचे, म्हणून टपरी भरलेलीच दिसायची.

अंतिम फेरीच्या आधी इंगोले दुकानात आले. एका जाड निळ्या कापडाचं टोक बोटांत धरून ते बराच वेळ उभे राहिले. यवतमाळकडे एक डावखुरा फॉरवर्ड आहे, ते म्हणाले, आणि त्या बदल्यात त्यांना वहिनी पाहिजेत.

"नलिनीने एकही मॅच पाहिलेली नाही," विलास म्हणाला.

"म्हणूनच तर. त्यांच्याकडचे प्रेक्षक सगळे थकलेले आहेत."

"मी जातो."

इंगोलेंनी कापड सोडलं. "तुमचं नाव दिलं होतं, उमाठेजी. भास्करच्या वेळेपासून सगळीकडे देतोय. कोणी घेत नाही."

विलासची बायको नलिनी शाळेत भूगोल शिकवायची. तो घरी आला तेव्हा ती मुलांनी काढलेले नकाशे तपासत होती. त्याने सगळं सांगितलं. नदी उलटी वाहवलेल्या एका नकाशावर तिने लाल खूण केली आणि करार किती वर्षांचा आहे, एवढंच विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. मी आत्ता टपरीवर जातो आणि हे मोडतो, तो म्हणाला.

"तुम्ही तिथं जाऊ नका."

"काहून?"

"तिथं गेलात की तुम्ही बोलता."

फक्त 'नाही' म्हणेन, दुसरा शब्द काढणार नाही, असं त्याने तिला वचन दिलं. ती उठली आणि त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावून दिली. तिचा हात तिथं जरा जास्त वेळ राहिला.

टपरीवर चौघं उरले होते आणि पाचवे इंगोले. विलास उभ्यानेच नाही म्हणाला. त्यांनी ते ऐकून घेतलं. त्याला बसायला जागा केली, चहा दिला, आणि जिथं होते तिथून पुढं बोलू लागले. पोरगा बावीस वर्षांचा आहे, डाव्या हाताने खेळणारा आपल्याकडे नाहीच. वहिनींचं वय काय असेल? निवृत्तीला आल्या असतील. जिना चढताना कठड्याला धरतात, हे यवतमाळवाल्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. सांगायचं नाही, दुसरा म्हणाला. साखरेचं निमित्त करून नत्थू पुढं आला आणि त्याने आपलं मत दिलं, की असल्या पोराच्या बदल्यात एक वयस्कर मास्तरीण, म्हणजे यवतमाळवाले फसले.

विलासच्या कानशिलांत ऊन उतरल्यासारखं झालं.

तो बोलू लागला. माझा बाप अंथरुणाला खिळला तेव्हा दोन वर्षं हिने त्याला कुशीवर वळवलं, एक जखम होऊ दिली नाही, हे त्याने सांगितलं. खडू न उचलता ती अख्खा कोकणचा किनारा फळ्यावर काढते, एकेक खाडीसकट. अधिकारी तपासणीला आला होता तो पुसू नका म्हणाला. तिने आजवर कोणाला खोटं सांगितलेलं नाही, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही नाही, म्हणून तिला गल्ल्यावर बसवता येत नाही. चौघंही चहा विसरून ऐकत होते. एक जण हसलाही, पूर्वी भास्करच्या बोलण्यावर हसायचे तसा, मनापासून. कितीतरी दिवसांनी विलासला शब्द सुचत होते. त्याचा हात आपोआप वर गेला.

"आणि एका डावखुऱ्या पोरासाठी नलिनी? निदान दोघं तरी मागा," तो म्हणाला.

इंगोलेंनी मान हलवली आणि बशी खाली ठेवली.

विलास धावत सुटला. रस्त्याला अजून ऊन होतं. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, ती त्याने तिथंच टाकली आणि एका पायाने अनवाणी तो धावत राहिला. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

दोन उंच तरुण घरात होते. छताला डोकं लागू नये म्हणून दोघांनी माना वाकवल्या होत्या. एक ओट्याशी पोळ्या लाटत होता. दुसरा टेबलाशी लाल पेन्सिल घेऊन नकाशांवर वाकला होता.

"हात धुऊन घ्या," पहिला म्हणाला.

"आणि पाय पण, पायाला लागलंय तुमच्या," दुसरा म्हणाला. वाक्य एकच होतं, ते दोघांनी वाटून घेतलं होतं.

नलिनी कुठं आहे, हे विलासने विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्यातल्या कोणी उत्तर द्यायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. पोळी तव्यावर फुगली आणि करपू लागली. ती उलटायला पहिल्याने लांबूनच हात नेला, आणि त्या हाताची लांबी, मनगटाची ती सैल लवचीक हालचाल विलासला दिसली. हा रिंगखाली चालेल, असं त्याच्या ओठांवर आलं.

त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरलं.

ते दोघं काळजीने त्याच्याजवळ आले. पहिल्याने वाकून पिठाचा हात त्याच्या कपाळाला लावला, ताप आहे का पाहायला, आणि दुसरा आपला तळवा तसाच वर धरून पहिल्याच्या मागे पाळीची वाट पाहत थांबून राहिला.