बिनखात्याची मंत्री

निवडणूक जिंकून आठवडा उलटला नव्हता, तोच लॉर्न मॅकइव्हरने स्टेफानिया बोडनारला कचेरीत बोलावून घेतलं. तो प्रांताचा नवा मुख्यमंत्री. ती उत्तरेतल्या, युक्रेनमधून येऊन स्थायिक झालेल्यांच्या वस्त्यांमधून तिसऱ्यांदा निवडून आलेली. वीस वर्षं परिचारिका म्हणून राबलेल्या या बाईला आरोग्य खातं देईन, असं त्याने भर सभेत सांगितलं होतं.

"आरोग्य डॉक्टर प्रिंगलला दिलंय," ती बसायच्या आतच तो म्हणाला. "तुम्ही बिनखात्याच्या मंत्री."

"म्हणजे नुसती खुर्ची अडवायला?"

"बाई, मंत्रिमंडळ म्हणजे गणित असतं. दोन फ्रेंच हवेत, एक शेतकरी, एक युक्रेनी, एक बाई. तुमच्या एकटीत दोन जागा भागतात."

"मग दोन खाती तरी द्यायची होती."

त्याचं हसू मावळलं. "नको असेल तर सांगा. बाहेर रांग लागलीय."

तिने होकार दिला. घरी नवरा मेत्रो बोर्श्टच्या, बीटच्या सारात पाव बुडवत म्हणाला, "अगं, फोटोपुरती नेतायत तुला."

"ठाऊक आहे. पण बाहेरून बोंबलण्यापेक्षा आत बसून अडवलेलं बरं."

अडवणं काही जमलं नाही. ऐन हिवाळ्यात प्रिंगलने उत्तरेतली पाच लहान इस्पितळं बंद करायचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आणला. स्टेफानिया तुटून पडली. बर्फात रस्ते बुजतात, बाळंतिणी ट्रकमध्ये अडकतील, मरतील.

प्रिंगल नखं न्याहाळत म्हणाला, "तुमच्या बायकांना पूर्वी सुईणी चालायच्याच की."

सगळे हसले. शेतकीमंत्री क्लिफर्ड ओल्सने सकाळीच तिला पाठिंब्याचा शब्द दिला होता. त्यानेही खाली मान घालून प्रिंगलच्या बाजूने हात वर केला.

"ही बातमी त्यांच्या मतदारसंघातल्या ड्युनिव्काला स्टेफानियाच सांगतील," मॅकइव्हर म्हणाला. "आपल्या माणसाच्या हातून कडू औषधही घशाखाली उतरतं. आणि बाई, शपथ आठवते ना? आतलं बाहेर जाता कामा नये."

ड्युनिव्काच्या चर्चमागचं सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. सरकारी भाषण तिने पर्समधून काढलंच नाही. कोण काय म्हणालं, कोणी कुणाला दगा दिला, सुईणींवर कोण कोण हसलं, सगळं नावानिशी सांगितलं. लोक खवळले. म्हातारी पारास्का काठी टेकत उठली.

"आणि तू गं? एवढं ऐकून त्यांच्या पंगतीला बसलीस कशी?"

"बसले नसते तर आज हे कुणी सांगितलं असतं, काकू?"

"सांगून इस्पितळ राहणार आहे का?"



दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅकइव्हरचा फोन आला. "शपथ मोडलीत. राजीनामा पाठवा."

"मी देत नाही. काढायचं धाडस असेल तर काढा."

दुपारपर्यंत त्याने काढलं. तिच्या जागी ओरेस्ट शेवागा नावाचा तरुण वकील घेतला. ड्युनिव्काच्या सभेत तिच्या बोलण्यावर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा तोच होता. बोभाटा इतका झाला, की पाचांपैकी तीन इस्पितळं सरकारला चालू ठेवावी लागली. बंद झालेल्या दोनांत ड्युनिव्काचं होतं. तो उघड उघड सूड होता, आणि तसा तो कळावा हीच मॅकइव्हरची इच्छा होती.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिला उमेदवारी नाकारली. ती अपक्ष उभी राहिली आणि जेमतेम निवडून आली. पारास्काने मत दिलं नाही, आणि तसं तोंडावर सांगितलं. मॅकइव्हरचं सरकार मात्र पडलं.

विधानसभेच्या पायऱ्यांवर एकदा तो समोर आला. थकलेला दिसत होता. हात पुढे करून म्हणाला, "झालं गेलं विसरू या, स्टेफानिया."

"ड्युनिव्काचं इस्पितळ उघडा, असं आत जाऊन नव्या सरकारला सांगा. मग बघू."

"ते तुमचं भांडण. त्यात मला ओढू नका."

"मग हात खिशात घाला. गारठेल."

ती वर निघून गेली. पुढे दोघं आठ वर्षं एकाच सभागृहात बसले, पण एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.