तिसऱ्या कपाटावरची धूळ

चष्मेवाल्याने पहिल्या कपाटाच्या काचेवरून बोट ओढलं. लख्ख. दुसऱ्यावरून ओढलं, तेही लख्ख. तिसऱ्यावर मात्र बोटामागे रेघ उमटली.

"मावशी, ही दोन कपाटं तुम्ही पुसलीत?"

झाडणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "मी कशाला पुसू? चष्म्यांना हात लावायचा नाही म्हणून तुम्हीच बजावलंत ना! मी आपली फरशीची मालकीण."

म्हणजे आपल्यामागे कुणीतरी दुकान उघडत होतं. चोर असता तर माल गेला असता. एकही फ्रेम गेली नव्हती, आणि तेच त्याला खुपत होतं. शेजारच्या कापडवाल्याकडे नुकतीच कर खात्याची माणसं येऊन गेली होती. घरच्यांच्या नावावर पगार दाखवलेत, ते खरंच काम करतात का, असं खोदून खोदून विचारत होती. चष्मेवाल्यानेही तेच केलं होतं. "सगळी कमाई एकट्याच्या डोक्यावर कशाला? घरात वाटून टाका, कर निम्म्यावर येईल," असं सल्लागाराने सुचवलं, मग बायको, आई आणि परदेशात स्थायिक झालेला धाकटा भाऊ, तिघंही दुकानाचे पगारदार झाले.

सही करताना बायकोने एवढंच विचारलं होतं, "माझं काम काय लिहिलंय?"

"कपाटांची साफसफाई नि मांडणी. तिघांचंही तेच. अगं, कागदापुरतं असतं ते."

ती ओळ पुन्हा एकदा वाचून तिने सही केली होती. तिचा तो प्रश्न आता त्याच्या डोक्यात घोळायला लागला. खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम. अशी बाई चौकशीवाल्यांपुढे उभी राहिली तर? की राहिलीच होती?

घरी गेल्यावर त्याने आधी किल्ल्यांचा खिळा पाहिला. दुकानाची जादा किल्ली जागेवर होती, पण उलटी टांगलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोळे मिटून पडून राहिला.

"आईंना घेऊन जरा जाऊन येते," बायको दारातून म्हणाली. रोजच म्हणायची. तो समजायचा, फिरायला. आज त्याला आईचे गुडघे आठवले. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाणारी आई रोज फिरायला जाते?

तो अंतर ठेवून मागे निघाला. दोघी एकमेकींच्या आधाराने चालत बागेच्या फाटकावरून पुढे गेल्या आणि थेट दुकानापाशी थांबल्या. शटर अर्धं वर गेलं. आत कोण वाट बघत असेल, याचा विचार करत तो वाकला.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आई बसली होती. मांडीवर ट्रे, हातात चष्मा. काचेवर फुंकर घालून ती हळूहळू पुसत होती. बायको पहिल्या कपाटासमोर स्टुलावर उभी. तिसरं कुणी नव्हतं.

"वाकून काय बघतोस? आत ये की," आई म्हणाली. "तुझंच दुकान आहे."

"हे काय चाललंय?"

"पगार घेतो ना आम्ही," बायको वळून न बघता म्हणाली.

"अगं, पण ते..."

"हे कपाट माझं. ते आईंचं."

त्याची नजर तिसऱ्याकडे गेली. कालची रेघ तशीच होती.

"आणि ते?"

"भावोजींचं."

आईने चष्मा उजेडाकडे धरून पाहिला. "त्याला कळवलंयस ना रे? कामावर कधी येतोय?"

तिसऱ्या कपाटाचं दार सरकवून चष्मेवाल्याने एक फ्रेम उचलली आणि खिशातून रुमाल काढला.

"रुमालाने नको, चरे पडतात. तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना," म्हणत बायकोने मऊ फडकं पुढे केलं.

त्याने ते घेतलं. मग दाराशी गेला, रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि शटर पार खाली ओढलं.

"दिवा तरी लाव," आई म्हणाली. "आमचं काम अंधारात होत नाही."