छायाबाबांचा अंगठा

मंगळवार उजाडला की उमरेड रोडच्या त्या वस्तीत छायाबाबांच्या दारात बायांची ही लांब रांग लागायची. प्रत्येकीच्या कडेवर चादरीत गच्च गुंडाळलेलं लेकरू. नागपूरचं ऊन म्हणजे चामडी सोलून काढणारं, आणि त्याच नागपुरात या लेकरांनी जन्मल्यापासून उन्हाचा कवडसा पाहिला नव्हता! का, तर बाबांचा हुकूम.

मोनालीच्या मांडीवर पाच महिन्यांचा रोहित निपचित पडला होता. पहाटे त्याला झटका आला होता. हातपाय ताठ, डोळे वर. ती दवाखान्यात चला म्हणत होती, पण सासू प्रयागबाईंनी तिला ओढत इकडंच आणलं.

बाबांनी रोहितच्या कानामागं अंगठा टेकवला आणि दाबला. अगं बाई! हाड आत गेलं, आणि अंगठा उचलताच टपकन वर आलं.

"पाहा गा, पाहा! सूर्यबाधा आत बसून श्वास घेऊन राहिली!" बाबा गरजले. "आईच्या दुधातून उतरली. खिडकीले अजून एक काळं कापड लाव वं. तीन महिने अंधार!"

"मी म्हणतच होते, हिचं दूधच वाईट," प्रयागबाई म्हणाल्या.

हाच अंगठा, हाच खड्डा मोनालीनं दोन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या डोक्यावर पाहिला होता. तेव्हाही तीन महिने अंधार झाला. लेक त्या अंधारातच झटके येऊन गेली, आणि खापर फुटलं मोनालीच्या दुधावर.

तेवढ्यात रांग मोडून आरोग्यसेविका अस्मिता पुढं आली. मोनालीनंच येताना तिला गुपचूप फोन लावला होता.

"बाबा, तुमच्या नातवाचं डोस्कं दाबून दाखवा बरं."

बाबांचा सहा महिन्यांचा नातू अंगणात, कोवळ्या उन्हात, अंगाला तेल लावून उघडाबंब पाय झाडत पडला होता.

"आमच्या घरी बाधा येत नाही!"

"मंग घाबरता काहून?" अस्मितानं पोराच्या कानामागं हलकेच बोट दाबलं. कवटी टणक. रांगेतल्या दोघींनी हात लावून पाहिलं. खड्डा नाही.

"बाधा-बिधा काही नाही," अस्मिता म्हणाली. "ऊन नाही म्हून ड जीवनसत्त्व नाही. ते नाही म्हून कॅल्शियम अंगी लागत नाही. मंग हाडं नरम पडतात, झटके येतात. बाबा जितका अंधार करते, तितका खड्डा वाढते, आन् तुम्ही म्हणता, बाबानं बरोबर ओळखलं! आईचं दूध चांगलंच आहे, पाजतच राहा. फक्त हे जीवनसत्त्व त्यात कमी असते, म्हून तर आम्ही थेंब देतो. कोणी पाजले?"

कुणीच पाजले नव्हते. बाबांनी थेंबांच्या सगळ्या बाटल्या नाल्यात फेकायला लावल्या होत्या. मोनालीनं रोहितला छातीशी धरलं आणि अस्मिताच्या गाडीवर बसून तडक दवाखाना गाठला.

रोहित वाचला. आठ दिवसांनी घरी येताच मोनालीनं काळी कापडं फाडून काढली आणि त्याला घेऊन उंबऱ्यावर कोवळ्या उन्हात बसली.

"बाबाच्याच कृपेनं वाचला वं," प्रयागबाई म्हणाल्या.

"आई, माह्या लेकीले कोण्या बाधेनं नाही मारलं. आपण मारलं, खिडकी झाकून."

समोरून मंगळवारची रांग चालली होती. मोनाली ओरडली, "घरी जा वं बायांनो! खिडक्या उघडा, लेकराले थेंब पाजा, झटका आला तर दवाखान्यात न्या! आन् त्या बाबाले विचारा, स्वतःच्या नातवाले अंधारात काहून नाही ठेवत?"

दोघी परत फिरल्या. बाकीच्यांनी लेकरांवरची चादर आणखी घट्ट ओढून घेतली.